सरांचे जबाब

रेकॉर्डिंग चालू असताना मध्ये बोलणारं माणूस मला खपत नाही. मग तो पाहुणा असो, नवरा असो, नाहीतर गावचा सरपंच. सरपंच एकदा खरोखरच आले होते, नळाच्या लाइनीचं काहीतरी सांगायला, आणि नेमकं तेव्हाच आमच्या पडवीत गाणं रंगात आलं होतं. मी त्यांना हातानेच बसायची खूण केली आणि गाणं संपेपर्यंत तोंड उघडू दिलं नाही. बसले बिचारे. जाताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुमची मंडळी शाळेतसून रिटायर झाली, पण तिची शाळा काय सुटाक नाय."

खरं आहे ते. रविवारी जेवणं आणि डुलकी आटोपली की आमच्या पडवीत माझी शाळा भरते. विद्यार्थी मला धरून चार. मी पेटी वाजवते. गावच्या महिला भजनी मंडळाचं माझ्यावाचून अडतं, असं मला वाटतं; तसं अजून कुणी बोलून दाखवलेलं नाही. नवरा काजू-आंब्याची बाग बघतो आणि मृदंग वाजवतो. तिसरी वयनी. तोंडवलीला समुद्रालगत तिचं घर आहे, त्यातल्या खोल्या ती पर्यटकांना देते आणि त्यांना बांगडे खाऊ घालते. तिला सगळे वयनीच म्हणतात, तिच्याहून थोरलेसुद्धा. फुगडीच्या गाण्यात तिचा हात धरणारी बाई आमच्या तालुक्यात मी पाहिलेली नाही.

चौथे सर. आम्ही दोघं एकाच हायस्कुलात होतो, ते गणित शिकवायचे आणि मी मराठी. ख्रिश्चन, आजोळ गोव्याचं, आणि पोरवयापासून चर्चमध्ये व्हायोलिन वाजवत आलेले. चर्चमध्ये वाजतं ते व्हायोलिन आणि तेच आमच्या पडवीत वाजलं की फिडल, असा त्यांचा हिशेब. हे सांगायला बसले आहे ते सरांसाठीच. कारण गेल्या पावसाळ्यानंतर हा माणूस आमच्यातून उठून गेला, आणि तो परत येणार की नाही, पुन्हा कधी वाजवणार की नाही, हे आम्हाला कितीतरी दिवस कळत नव्हतं.

आमच्या शाळेचा नियम डबलबारीवरून उचललेला आहे. आमच्या जिल्ह्यात भजनाची डबलबारी लागते तेव्हा दोन बुवा समोरासमोर बसतात. एकाने गाण्यातून चिमटा काढायचा आणि दुसऱ्याने गाण्यातूनच जबाब द्यायचा. लोक गाण्यापेक्षा जबाबालाच जास्त डोलतात. आम्ही रेकॉर्डिंगची डबलबारी लावली. एकाने आपल्या आवडीचं काहीतरी ऐकवायचं आणि दुसऱ्याने आपल्याजवळच्या रेकॉर्डिंगने त्याला जबाब द्यायचा. जबाब देणाऱ्याने आपला जबाब समजावून सांगायचा नाही. त्यातली खोच बाकीच्यांनी चहाच्या वेळी ओळखायची.

ब्लूग्रास हा प्रकार आमच्यात आणला सरांनी. त्यांचा थोरला भाऊ बोटीवर होता आणि अमेरिकेच्या बंदरांतून कॅसेटी आणायचा. तिकडच्या डोंगरांतल्या शेतकऱ्यांचं आणि खाणकामगारांचं हे गाणं: बेंजो, मेंडोलिन, फिडल, गिटार आणि माणसाएवढा उभा बास. सर पहिल्यांदा 'बेंजो' म्हणाले तेव्हा नवऱ्याच्या डोळ्यांपुढे वरातीतली बेंजो पार्टी आली आणि तो काजूच्या झाडाखाली जाऊन बसला. कॅसेट सुरू झाल्यावर हळूच परत आला. संपल्यावर त्याचं पहिलं वाक्य, "ह्यांच्यात मृदंगवालो खंय आसा?"

मृदंगवाला नव्हताच. ढोल नाही, तबला नाही, टाळसुद्धा नाहीत, आणि तरी पाय जागेवर राहत नव्हता. मग सरांनी तीच कॅसेट परत लावून मेंडोलिनचे दाबून मारलेले तुटक ठोके बोटाने दाखवले. ठेका तिथे होता. नवऱ्याचं समाधान झालं. त्याची दुसरी तक्रार मात्र आजही कायम आहे. आमच्या भजनात गजराला लय चढत जाते, माणसं घामाघूम होतात आणि मग थांबतात. ही मंडळी पहिल्या ठोक्यापासून पळत सुटतात आणि शेवटपर्यंत त्याच वेगाने पळतात. "चढणत नाय, उतरणत नाय. दमणत कशी नाय ती?" असं तो अजून विचारतो.

मला मात्र त्या गाण्याने वेड लावलं. साठी उलटल्यावर एखाद्या बाईने प्रेमात पडावं तशी मी पडले आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही. भाचीने फोनवर शोधायला शिकवल्यापासून मी दुपार-दुपार तेच ऐकत असते. सगळे एका माइकभोवती उभे असतात. एकाची वेळ आली की तो पुढे होतो, आपलं वाजवतो आणि दुसऱ्याला वाट करून देत मागे सरतो. कुणी कुणाला ढकलत नाही, कुणी कुणावर रुसत नाही. आमच्या महिला मंडळाने हे एकदा बघावं असं मला फार वाटतं.

तर जबाब देण्यात सरांचा नंबर पहिला. वयनीने एकदा तिच्या वाडीतल्या गणपतीतल्या फुगडीचं रेकॉर्डिंग ऐकवलं. बायकांचा नुसता धुमाकूळ. बांगड्या, फू-फू, हसणं, मध्येच कुणाचंतरी पोर भोकाड पसरतंय. सरांनी त्याला जबाब म्हणून कॅसेट लावली ती चार पुरुषी आवाजांची संथ प्रार्थना, मयताच्या मागून चालताना म्हणावी अशी. आम्ही गार झालो. चहाला मी खोच उलगडून सांगितली. आज फुगडी घालणाऱ्या या पोरी उद्या संसाराला लागतील, परवा म्हाताऱ्या होतील, आणि सरांनी एका गाण्यात सगळा जन्म दाखवला. वयनीच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याने मांडीवर थाप मारली, "ह्येका म्हणतत जबाब!" सर खाली मान घालून चहात बिस्कीट बुडवत होते.

मग नवऱ्याने दशावतारातल्या लढाईचं रेकॉर्डिंग आणलं, मृदंग आणि झांजांचा गदारोळ. सरांनी जबाबात गिटारवरचं अंगाईसारखं काहीतरी लावलं. लढाई संपल्यावर घराघरात झोपलेली मुलं, असा मी त्याचा अर्थ लावला. पुढे थोड्याच दिवसांत त्यांनी तीच मयताची प्रार्थना पुन्हा एकदा लावली, या खेपेला माझ्या एका आनंदी भजनाला जबाब म्हणून. कुणाही दुसऱ्याला मी सोडलं नसतं. पण सरांच्या बाबतीत आम्ही मान डोलावली, आणि नवरा म्हणाला, "गाणां तांच, पण अर्थ बघ कसो बदललो!" हे जबाब आम्ही गावभर सांगत होतो. भजनाच्या बुवांना सांगितले, चर्चच्या फादरना सांगितले. सर ऐकून नुसते हसायचे, आणि त्या हसण्यातही आम्हाला काहीतरी खोल दिसायचं.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी मी सरांसाठी मुद्दाम एक रेकॉर्डिंग शोधून ठेवलं होतं. एक म्हातारा आपल्या स्वयंपाकघरात एकटाच फिडल वाजवतो आहे. खुर्ची करकरते, बाहेर कुठेतरी कोंबडा आरवतो, आणि सूर खालून निघून हळूहळू वर, अगदी वर चढत जातो. सर हे ऐकून काय म्हणतील याची मला परीक्षेच्या निकालासारखी उत्सुकता लागली होती. मी फोन स्पीकरला जोडला. सरांची मान डोलू लागली, पाय ठेका धरू लागला. आणि सूर वर चढायला लागला तेवढ्यात स्पीकर बंद पडला.

तो चार्ज करून ठेवायचं काम नवऱ्याचं होतं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे जे बघितलं ते बघितलं, पण नियम म्हणजे नियम. बोलायचं नाही. आता परत लागेल, मग लागेल, म्हणून आम्ही तिघंही होतो तशीच बसून राहिलो. पडवीत चिटपाखराचा आवाज नाही. सरांची मान मात्र डोलतच होती. पाय चालूच होता. बऱ्याच वेळाने त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "वा! शेवटाक सूर कसो वर नेल्यान, बघलास, बाई?"

नवऱ्याला वाटलं सर स्पीकरची टिंगल करताहेत. तो खदखदून हसला, "सर, स्पीकर मेलो हो! अर्ध्या वाटेतच मेलो!" सरांनी स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा बघून पहिल्यांदा कळलं ते वयनीला. ती चहा ठेवायला आत गेली. नवऱ्याचं हसू तोंडातच राहिलं. सरांनी कॅसेट पिशवीत घातली, "येतंय" म्हणाले आणि चहाला न थांबता निघून गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की "जरा काम आसा" म्हणायचे. रिटायर झालेल्या गणिताच्या मास्तरला रविवारी दुपारी कसलं आलंय काम? शेवटी एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन थडकले. मुलगी मुंबईला असते, घरात ते एकटेच. समोरच्या कपाटावर व्हायोलिनची पेटी ठेवलेली आणि तिच्यावर चादर घातलेली दिसली.

"मोठ्यान बोला, बाई," सर म्हणाले. "नायतरी तुमका सवय आसाच."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कान दोनेक वर्षांपासून जात होते, आणि जात होते ते वरच्या बाजूने. आधी पाखरं गेली, मग मेंडोलिन, मग फिडलची वरची तार. म्हापशाला जाऊन कानाचं मशीनही आणलं होतं. ते त्यांनी खणातून काढून दाखवलं. "ह्यां घातलंय की माणसां बरी ऐकाक येतत. फिडल मात्र पत्र्यावर खिळो ओढल्यासारख्यां लागता. माणसां ऐकान माका काय करूचां आसा?" नाताळला वाजवायला दुसरा कुणीतरी बघा, असं त्यांनी फादरना सांगून टाकलं होतं. व्हायोलिन मुलीच्या हाती मुंबईला पाठवणार होते, तिकडे कुणालातरी उपयोगी पडेल म्हणून.

मला राग आला. इतक्या दिवसांत एका शब्दाने सांगितलं नाही याचा, आणि व्हायोलिन असं परभारे पाठवायला निघाले याचा. मी चांगलीच तोंड सोडायच्या बेतात होते, तेवढ्यात माझ्या डोक्यात दुसराच उजेड पडला.

"सर, मगे त्या फुगडीक तुमी ती मयताची प्रार्थना कित्याक लावलास?"

"फुगडी होती ती?" सर म्हणाले. "माका वाटलां, भजन आसा."

"म्हणजे तो जबाब नव्हतो?"

"कसलो जबाब, बाई? घरसून निघताना हातात गावली ती कॅसेट पिशयेत घातलंय. आवडता म्हणान लावलंय."

"आणि दुसऱ्यांदा?"

"जास्तच आवडता म्हणान."

मी हसायला लागले ते मला थांबवेना. सगळा जन्म, झोपलेली मुलं, बदललेला अर्थ! आयुष्यभर मुलांना कवितेचं रसग्रहण शिकवल्यावर माझी ही गत. सरही हसले, पोट धरून हसले. मग हसता हसता माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलंही नाही. मला हा माणूस आमच्या पडवीत परत हवा होता, आणि तसं मी त्यांना सांगितलं. मोठ्याने सांगितलं. शेजारच्या घरातली बाई खिडकीत आली.

पुढच्या आठवड्यात आम्ही सरांना गाडीत घालून कुडाळला कानाच्या मशीनच्या दुकानात नेलं. वयनी तोंडवलीहून स्कूटरने येऊन आमच्याबरोबर निघाली. सर व्हायोलिन घ्यायला तयार नव्हते, म्हणून ते मीच कपाटावरून उतरवलं. नवऱ्याने मृदंग घेतला होता, आणि मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावायला डब्यातून कणीकही. दुकानातली मुलगी आमची वरात बघून चकित झाली.

"हे इथे वाजवणार तुम्ही?" तिने विचारलं.

"मगे काय नुसतां दाखवक हाडलंय?" नवरा म्हणाला आणि कणीक भिजवायला पाणी मागू लागला.

मुलगी जरा वैतागली होती, पण कामाची होती. तिने मशीन कॉम्प्युटरला जोडलं आणि समजावून सांगितलं, "हे फक्त बोलण्यासाठी सेट केलेलं आहे. एकच सूर लांबत राहिला की मशीनला वाटतं शिट्टी वाजते आहे, म्हणून ते तो दाबून टाकतं. गाण्यासाठी आपण वेगळं सेटिंग करू. पण तुम्हाला काय ऐकू येतंय ते तुम्हीच सांगायचं."

मग त्या दुकानात जे झालं ते आमच्या पडवीतही कधी झालं नव्हतं. वयनीने फुगडी म्हटली. मुलीने बटणं फिरवली. "आता शब्दय कळतत," सर म्हणाले. नवऱ्याने मृदंगावर बोल काढले, तेव्हा सरांनी डाव्या बाजूचा आवाज जरा कमी करायला सांगितलं, आणि नवऱ्याला ते लागलं. मी फोनवर बेंजो लावला. सरांनी हात वर केला. "हो इलो! लख्ख इलो!" बाहेर थांबलेले पेशंट दारात येऊन उभे राहिले. मी त्यांनाही हातानेच बसायला सांगितलं.

शेवटी सरांनी व्हायोलिन काढलं. किती दिवसांनी हातात घेतलं होतं, खुंट्या पिळून तारा लावायलाच वेळ गेला. खालच्या तारेवर गज फिरला आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं. दुसरी तार, तिसरी तार, ठीक. मग वरच्या तारेवर ते चढत गेले. आम्हाला स्वच्छ ऐकू येत होतं. सरांनी गज थांबवला, तार जागेवर आहे की नाही ते बोटाने चाचपून पाहिलं, परत गज ओढला. "हयसून वर काय नाय," ते म्हणाले.

मुलीने पुन्हा बटणं फिरवली, पुन्हा विचारलं, आणि मग हात थांबवला. "सर, जे थोडंफार ऐकू येतं ते मशीन मोठं करून देतं. ते वरचे सूर घेणारा कानाचा भागच गेलाय. तिथे मशीनचा इलाज नाही."

सरांनी मान डोलावली. "शून्याक कितीयेन गुणलास तरी शून्यच," ते म्हणाले. मग व्हायोलिन परत मानेशी धरून त्यांनी नाताळच्या एका गाण्याची चाल हळूच वाजवून पाहिली. ती तितकी वर जात नव्हती. सगळी ऐकू आली. "फादरांका फोन करूक होयो," ते म्हणाले, आणि मला इतकं बरं वाटलं की मी त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवला.

परतताना मी पुढे बसले होते, सर आणि वयनी मागे. कुडाळ मागे पडलं. मग मी मागे वळून, सरांना माझं तोंड दिसेल असं बसून विचारलं, "सर, मगे इतके आयतवार तुमी आमच्याकडे येवन काय ऐकलास?"

"ऐकतंय खंय? मी बघत होतंय," सर म्हणाले. "तुमची तोंडां."

मला कळलं नाही.

"सूर वर गेलो की तुमच्या भुवयो वर जातत, बाई. तुमचो नवरो खालचो ओठ चावता. वयनीच्या पायाचो आंगठो हलता. गाणां खंय पोचलां, तां माका तेच्यावरसून समजत होतां. त्या दिवशी स्पीकर मेलो तरी तुमी तिगांय तशीच बसलास, म्हणान मी फसलंय." मग म्हणाले, "माका वायट दिसलां नाय कधी. तुमका बघूक माका बरां वाटता."

नवऱ्याने रस्ता मोकळा असताना उगाचच हॉर्न वाजवला. वयनीने पदर डोळ्यांना लावला. मी समोर तोंड करून बसले, कारण माझ्या चेहऱ्याकडे कुणीतरी इतका वेळ बघत होतं हे मला माहीतच नव्हतं.

सर आता दर रविवारी येतात. नाताळला त्यांनी चर्चमध्ये वाजवलं, आम्ही तिघं मागच्या बाकावर बसून ऐकलं. त्यांच्या पिशवीत अजूनही हाताला लागेल तीच कॅसेट असते, आणि आम्ही अजूनही तिला जबाब म्हणतो. बदल झालाय तो एकच आहे आणि तो कुणी ठरवून केलेला नाही. पूर्वी आमच्या खुर्च्यांची तोंडं स्पीकरकडे असत. आता ती सरांकडे असतात. फिडल लागलं की सर पहिल्यांदा मशीनने ऐकतात, आणि सूर चढत चढत मशीनच्या पलीकडे गेला की मान उचलून आमच्याकडे बघतात. नवरा ओठ चावतो. वयनी पाय पुढे करून बसते. आणि मी भुवया वर करते, लागतात त्याहून जरा जास्तच.